ओली छत्री आणि सिलिकॉनची चकती
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, पावसाळ्यात गोवंडी स्टेशनवर रोज एक दृश्य दिसतं. गाडी येताना दिसली की एखादा प्रवासी छत्री मिटण्याआधी तिचा दांडा तळव्यांत धरून गरगर फिरवतो. छत्री क्षणात निथळते. पाणी मात्र शेजारच्या बाईंच्या पदरावर आणि कुणाच्या डब्याच्या पिशवीवर जातं. ‘ओ भाऊ, जरा बघून!’ असं कुणी म्हणेपर्यंत छत्रीवाला डब्यात शिरलेला असतो. त्याचं काम झालं. ज्याच्या अंगावर पाणी उडालं त्याचं काम वाढलं.

आज आपण ज्या विषयाबद्दल बोलणार आहोत, तो ऐकायला फार मोठा वाटतो: संगणकाच्या आणि मोबाइलच्या चिपा कशा बनतात. पण त्यातली एक पायरी म्हणजे अगदी ही छत्रीच आहे. फिरवून उडवलेला द्रव कुठं जातो, त्याची वाफ कुठं जाते आणि ती कोण हुंगतं, एवढाच प्रश्न मला आज मांडायचा आहे. मी गोवंडीचा रहिवासी. नोकरीची बरीच वर्षं मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून अशाच एका यंत्रापुढं काढली. त्यामुळं हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी भेटला आहे.

चिप बनते ती सिलिकॉनच्या पातळ, गोल, आरशासारख्या गुळगुळीत चकतीवर. या चकतीला वेफर म्हणतात. मुंबईकराला वेफर म्हटलं की बटाट्याचे आठवतात, आणि आकाराचा विचार केला तर ते फारसं चुकीचंही नाही! अभ्यासाच्या प्रयोगशाळांत ही चकती २ किंवा ४ इंच व्यासाची असते; मोठ्या कारखान्यांत ३०० मिलिमीटरची, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी. असं काम बघायला परदेशी जावं लागत नाही. गोवंडीहून घाटकोपर, विक्रोळी ओलांडलं की पवई. तिथल्या आयआयटीत, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या जोडीनं, केंद्र सरकारच्या मदतीतून २००६ मध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र सुरू झालं. देशभरातले विद्यार्थी आणि प्राध्यापक तिथं येऊन चकत्यांवर काम करतात.

चकतीवर नक्षी उमटते कशी? लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडं गेला असाल तर निम्मं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. तो जाळीवर प्रकाशाला संवेदनशील असा लेप देतो, वर नक्षीची फिल्म ठेवून उजेड दाखवतो आणि मग जाळी धुतो. काही भागातला लेप राहतो, काही भागातला निघून जातो. चिपचं तत्त्व हेच. तिथल्या लेपाला फोटोरेझिस्ट म्हणतात. तो दिसायला मधासारखा, तांबूस आणि थोडा घट्टसर असतो. साध्या उजेडानं तो बिघडतो, म्हणून हे काम पिवळ्या दिव्यांच्या खोलीत चालतं.

हा लेप कुंचल्यानं देता येत नाही. तो सगळीकडं सारख्या जाडीचा हवा आणि ती जाडी असते एक मायक्रॉनच्या आसपास. आपल्या डोक्याचा एक केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या सत्तराव्या हिश्श्याएवढा थर, तोही काठापासून काठापर्यंत एकसारखा. त्यासाठी चकती एका छोट्या गोल बैठकीवर ठेवतात. खालून हवा ओढून घेतल्यामुळं ती बैठकीला घट्ट चिकटून राहते. मधोमध दोन-तीन मिलिलिटर रेझिस्ट ओततात आणि बैठक मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांच्या वेगानं फिरवतात. अर्ध्या-एक मिनिटात काम संपतं. या यंत्राला स्पिनर म्हणतात. वेग वाढवला की थर पातळ होतो, कमी केला की जाड राहतो.

आता थोडा हिशेब करू. ४ इंची चकतीचं क्षेत्रफळ सुमारे ८० चौरस सेंटिमीटर. त्यावर एक मायक्रॉनचा थर म्हणजे घनफळ झालं ०.००८ घन सेंटिमीटर. एका थेंबाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढं. आणि आपण ओतले होते चाळीस-पन्नास थेंब! म्हणजे ओतलेल्यातलं शंभरात पंच्याण्णवहून अधिक रेझिस्ट चकतीवर राहतच नाही. ते काठावरून उडतं. ४ इंची चकती मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेते तेव्हा तिच्या काठाचा वेग ताशी ५५ किलोमीटरच्या पुढं जातो. धावत्या लोकलच्या दारातून पिचकारी मारावी, तसा तो द्रव बाहेर पडतो.

तो जातो तीन रूपांनी. मोठे थेंब, बारीक तुषार आणि वाफ. थेंब भिंतीवर आपटतात, तुषार हवेत तरंगतात आणि वाफ दिसतच नाही. तिघांची वाट वेगळी, म्हणून तिघांचा बंदोबस्तही वेगळा.

पहिला बंदोबस्त भांड्याचा. बैठकीभोवती एक खोलगट भांडं असतं, त्याला कप म्हणतात. त्याच्या भिंती सरळ उभ्या केल्या तर थेंब आपटून उलटे चकतीवर येतील, कॅरमच्या सोंगटीसारखे. म्हणून भिंत आत कललेली, खाली वळवणारी असते. थेंब आपटला की तो खालीच गेला पाहिजे. तळाला उतार, उताराच्या शेवटी नळी आणि नळीखाली कॅन. छोट्या प्रयोगशाळांत कपाला आतून ॲल्युमिनियमची फॉइल लावतात. ती खराब झाली की काढून दुसरी लावायची. ही फॉइल लक्षात ठेवा, तिची गोष्ट पुढं येणार आहे.

काठाशी आणखी एक अडचण असते. फिरताना द्रव काठावर जमून जाडसर कड तयार होते आणि थोडा द्रव वळून चकतीच्या पाठीकडं जातो. पाठीवर वाळलेला एक ठिपकादेखील पुढच्या यंत्रात चकती तिरकी बसवतो. मग नक्षीचा फोकस बिघडतो, डगमगत्या टेबलावर फोटो काढावा तसा. म्हणून चकती फिरत असतानाच काठावर आणि पाठीवर द्रावकाची बारीक धार सोडून ती धुतात. हा धुवणीचा द्रवही त्याच कपात, त्याच नळीनं खाली जातो. रेझिस्ट जाड जातीचं असेल तर आणखी एक गंमत होते. उडणारा द्रव हवेतच वाळतो आणि त्याचे बारीक धागे तयार होतात. जत्रेतले म्हातारीचे केस तुम्ही पाहिलेत ना, तसेच. हे केस कपात साठतात, नळीचं तोंड बुजवतात, आणि त्यातला एखादा धागा चकतीवर पडला तर तिथली चिप गेली.

दुसरा बंदोबस्त हवेचा, आणि तो जास्त नाजूक. रेझिस्टमधला द्रावक बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल मोनोमिथाइल ईथर ॲसिटेट या लांबलचक नावाचा असतो. त्याला गोडसर वास येतो. पेटण्याच्या बाबतीत तो साधारण रॉकेलच्या जातीचा. त्याची वाफ हवेच्या साडेचारपट जड, त्यामुळं ती वर जात नाही. कपाच्या काठावरून ओघळून खाली, टेबलाच्या पायांशी उतरते. छताचा पंखा किंवा वरची खिडकी तिच्या काही कामाची नाही. ती कपाच्या तळातूनच ओढून घ्यावी लागते. त्यासाठी कपाच्या तळाजवळ एक्झॉस्टचं तोंड असतं, तिथून नळ गच्चीपर्यंत जातो आणि वर पंखा बसवलेला असतो. नळात हवा कमी-जास्त करायला एक झडप असते.

ही झडप किती उघडायची? ‘पूर्ण उघडा, म्हणजे वाफ राहणार नाही,’ असं कुणीही म्हणेल. पण ओढ फार झाली की काठाजवळून हवेचा झोत जोरात वाहतो. तिथला द्रावक आधी उडतो, तिथला थर आधी घट्ट होतो, आणि काठ जाड नि मध्य पातळ असा थर बसतो. ओढ कमी पडली की तुषार कपातच घुटमळतात आणि चकतीवर परत बसतात. वाफ खोलीत येते. फिरणारी चकती स्वतःही एक पंखाच असते. ती वरची हवा खाली ओढते आणि बाजूला फेकते. एक्झॉस्टनं एवढंच करायचं असतं, की चकतीनं फेकलेली हवा, तिच्यातल्या तुषारांसकट, विनातक्रार स्वीकारून बाहेर न्यायची. कमी नको, जास्त नको.

मुंबईत या झडपेवर आणखी एक दडपण असतं, ते विजेच्या बिलाचं. क्लीनरूमची हवा गाळलेली, थंड केलेली आणि कोरडी केलेली असते. एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर टाकेल, तेवढीच नवी हवा आत घ्यावी लागते. आणि जुलै महिन्यात आपल्याकडची हवा म्हणजे ओलं फडकं. ते पिळून कोरडं करायला वातानुकूलन यंत्रणा सतत राबते. त्यामुळं ‘झडप थोडी कमी करा हो, काय बिघडतं?’ हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

काय बिघडतं, ते मी पाहिलं आहे. प्रयोगशाळा कुठली ते सांगत नाही. पवईची नव्हे, एवढंच सांगतो. असाच पावसाळा होता. आमच्याकडं काम करणारी एक विद्यार्थिनी दोन-तीनदा म्हणाली, ‘काका, त्या यंत्रापाशी बसलं की डोकं दुखतं.’ मी म्हणालो, ‘जा, बाहेर जाऊन चहा घेऊन ये.’ वास मला येत नव्हता. खरं तर इतक्या वर्षांत माझं नाक त्याला सरावलं होतं. नाक हे काही मीटर नव्हे, हे मला माहीत असायला हवं होतं. चकत्या चांगल्या येत होत्या, म्हणून सगळं ठीक आहे, असं मी धरून चाललो.

पंधरा-वीस दिवसांनी चकत्यांवर ठिपके दिसायला लागले. मग मात्र धावपळ झाली. आम्ही हवेचे फिल्टर तपासले, रेझिस्टची नवी बाटली उघडली, सगळ्यांचे अंगरखे बदलले. काहीच फरक नाही. शेवटी एका शिपायानं शिडी लावून छतावरच्या नळाचा एक जोड उघडला, तेव्हा आतून काळपट काकवीसारखा द्रव टपकू लागला. कपातले तुषार हवेबरोबर नळात गेले होते. नळाला परतीचा उतार नव्हता, म्हणून आडव्या भागात ते साठले, वाळले, आणि हवेची निम्मी वाट बुजली. जी वाफ बाहेर जायची ती खोलीत येत होती आणि जे तुषार बाहेर जायचे ते चकतीवर बसत होते. विद्यार्थिनीचं डोकं आम्हाला तीन आठवडे हेच सांगत होतं. आम्ही ऐकलं ते चकतीचं.

त्यानंतर केलेले उपाय साधेच होते. एक, कप आणि नळ यांच्यामध्ये आडवी पत्री असलेली एक पेटी बसवली. हवा तिच्यातून वळणं घेत जाते. तुषारांना वळता येत नाही, ते पत्रीवर आपटून खाली जमतात. दोन, आडव्या नळाला त्या पेटीकडं उतार दिला. तीन, कॅनचं तोंड बंद करून त्याचा श्वासही एक्झॉस्टला जोडला, नाहीतर कॅनमधली वाफ खोलीतच यायची. कॅन तीन-चतुर्थांश भरला की बदलायचा, कारण तो तुडुंब भरला तर द्रव उलटा कपात चढतो. चार, कपाजवळ नळाला यू आकाराची काचेची नळी लावली, अर्धी रंगीत पाण्यानं भरलेली. एक तोंड नळाला, एक उघडं. ओढ असली की दोन बाजूंच्या पाण्यात फरक दिसतो. पुढं कुठं तुंबलं की फरक घटतो. रोज सकाळी तो वहीत लिहायचा. फरक नेहमीपेक्षा वेगळा दिसला, तर यंत्र सुरूच करायचं नाही.

माझी चूक लहान होती आणि वेळेत सापडली. जगात असं नेहमी झालेलं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सॅन होजे शहरात १९८१ च्या अखेरीस फेअरचाइल्ड कंपनीच्या चिप कारखान्यात लक्षात आलं, की वापरलेला द्रावक साठवायची जमिनीखालची टाकी गळते आहे. तो द्रावक जमिनीत मुरून जवळच्या, पिण्याचं पाणी पुरवणाऱ्या विहिरीत पोचला होता. पुढं त्या परगण्यात प्रदूषित जमिनींची शोधमोहीम झाली आणि अमेरिकी सरकारच्या सर्वाधिक दूषित जागांच्या यादीत त्या एका परगण्यातल्या वीसहून जास्त जागा आल्या. त्यांतल्या बऱ्याच चिपा आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांच्या होत्या. ज्या कारखान्यांना धुराडं नव्हतं म्हणून ‘स्वच्छ उद्योग’ म्हटलं गेलं, त्यांचा मळ जमिनीखाली होता.

वाफेची गोष्ट त्याहून बोचरी. तेव्हाच्या रेझिस्टमध्ये एथिलीन ग्लायकॉल ईथर जातीचे द्रावक असत. १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका संगणक कंपनीच्या चिप कारखान्यातल्या कामगारांचा अभ्यास जाहीर झाला. त्यात काही विभागांतल्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचं प्रमाण जास्त आढळलं. १९९२ मध्ये, अमेरिकी चिप उद्योगाच्या संघटनेनंच करवून घेतलेल्या मोठ्या अभ्यासातही तोच कल दिसला आणि बोट या द्रावकांकडं गेलं. मी वर ज्या लांबलचक नावाचा उल्लेख केला, तो द्रावक त्यांच्या जागी आला. आज जो तुलनेनं सौम्य द्रावक आपण वापरतो, त्यामागं कुणाची तरी घरं रिकामी राहिली आहेत. कारखान्यातल्या त्या बायकांनाही बहुधा कुणीतरी ‘जा, चहा घेऊन ये’ म्हटलं असेल.

आता प्रश्न उरतो तो बाहेरचा. एक्झॉस्टनं खोली स्वच्छ केली, पण वाफ गच्चीवर सोडली, तर आपण छत्रीच झटकली ना? मोठ्या कारखान्यांत ही हवा आधी झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या फिरत्या चाकातून नेतात. द्रावक चाकाला चिकटतो, मग गरम हवेनं तो थोड्या हवेत गोळा करून भट्टीत जाळतात. छोट्या ठिकाणी कोळशाचे फिल्टर वापरतात आणि ते ठरल्या वेळी बदलावे लागतात. आम्लांच्या वाफेचा नळ वेगळा आणि द्रावकांचा वेगळा ठेवावा लागतो. कॅनचंही तसंच. ॲसिटोनसारखा द्रावक नायट्रिक आम्लाच्या कॅनमध्ये ओतला तर स्फोट होऊ शकतो. भरलेले कॅन अधिकृत संस्थेकडंच द्यावे लागतात. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम तसं सांगतात, आणि आपल्याजवळ तळोज्याला अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीची सामायिक सोय आहे.

आणि ती फॉइल? कपातून काढलेली, रेझिस्टनं माखलेली फॉइल आणि पुसायचे कागद झाकणाच्या वेगळ्या डब्यात गेले पाहिजेत. सोपं असतं ते कोपऱ्यातल्या केराच्या टोपलीत टाकणं. पण मुंबईतली केराची टोपली शेवटी कुठं रिकामी होते, हे गोवंडीकराला कुणी सांगायला नको. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आमच्या शेजारी आहे. तिथं ॲल्युमिनियमला भंगारात भाव मिळतो. म्हणजे ती फॉइल कचरा वेचणाऱ्या एखाद्या बाईच्या हाताला आधी लागणार, आणि तिच्या हातात मोजे नसणार. २०१६ च्या जानेवारीत त्या डोंगराला आग लागली तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. आम्हाला तो दारात दिसत होता. रुग्णालयांचा कचरा जाळणारं केंद्रही गोवंडीतच उभं राहिलं. ते हलवावं म्हणून रहिवाशांची संघटना न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते हलवण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. ‘बाहेर’ नावाची कुठलीही जागा रिकामी नसते; तिथं कुणीतरी राहतं, हे आम्ही असं शिकलो.

श्रोतेहो, मी चिपांच्या विरोधात बोलत नाही. माझी सगळी मिळकत त्याच कामातून आली. मार्च २०२४ मध्ये गुजरातेत धोलेरा इथं मोठ्या चिप कारखान्याची पायाभरणी झाली. असे कारखाने आपल्याकडं यावेत आणि आपल्या मुलामुलींनी त्यांत काम करावं, असंच मला वाटतं. पण तुमचं मूल अशा ठिकाणी, किंवा एखाद्या रंगाच्या, छपाईच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागलं, तर पगाराबरोबर तीन गोष्टी जरूर विचारा. हवा ओढणारा नळ कुठं उघडतो? भरलेला कॅन कोण नेतं आणि त्याची नोंद कुठं असते? आणि ओढ मोजणारी नळी भिंतीवर आहे का, रोज ती कोण वाचतं?

आणि मूल म्हणालं, की तिथं बसलं की डोकं दुखतं, तर त्याला चहा जरूर पाजा. पण आधी तो नळ उघडून बघायला सांगा.